विद्यापीठाजवळचे घर: अंतर भिंतीपर्यंत नको, वर्गाच्या दारापर्यंत मोजा

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि विद्यार्थी निवास विभाग यांस,

विषय : भाड्याच्या घरांच्या यादीतील दिशाभूल करणारी अंतरे आणि संध्याकाळी बंद होणारे मागचे गेट

स. न. वि. वि.

बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या निवास विभागाने भाड्याच्या घरांची यादी जाहीर केली आहे. प्रत्येक घरापुढे ‘विद्यापीठापासून अंतर’ असा रकाना आहे. त्याच सुमारास सुरक्षा विभागाने मागचे आणि बाजूचे गेट संध्याकाळी सातनंतर बंद ठेवण्याचा आदेश काढला. एका विभागाने लिहिलेले अंतर दुसऱ्या विभागाने कुलूप लावलेल्या गेटमधून जाते. यादी वाचून घर घेणाऱ्याला हे राहायला आल्यावर कळते. तोवर करारावर सही झालेली असते आणि डिपॉझिट भरून झालेले असते.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे पायी ये-जा करणारे आहोत. आमच्यात विद्यार्थी आहेत, रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबणारे संशोधक आहेत, शिकवणारे आहेत, कार्यालयातले कर्मचारी आहेत. बहुतेकांकडे गाडी नाही. ती घ्यावी लागू नये म्हणूनच आम्ही कॅम्पसच्या आसपास राहतो आणि त्यासाठी लांबच्या वस्तीपेक्षा जास्त भाडे देतो. चालत जाता येणे ही आमच्यासाठी हौस नाही. दर महिन्याला आम्ही तिचे पैसे मोजतो. नव्याने येणाऱ्यांना कोणत्या वस्तीत घर बघावे हे सांगायची वेळही आमच्यावरच येते. म्हणून यादीतला आकडा कुठे फसवतो, रस्ता कुठे तुटतो आणि त्यावर काय करता येते, हे नेमकेपणाने मांडत आहोत. पत्र उघड ठेवले आहे ते यंदा घर शोधणाऱ्यांनाही वाचता यावे म्हणून.

आमच्या तक्रारी अशा :

१. अंतर मोजण्याची पद्धतच चुकीची आहे.

यादीतले बरेचसे आकडे नकाशावर सरळ रेषा टाकून काढलेले आहेत. काही घरमालकांनी स्वतः भरलेले आहेत आणि त्यांनी जवळच्या कुंपणभिंतीपर्यंतचे अंतर धरले आहे. दोन्हींचा पायी चालणाऱ्याला उपयोग नाही. कॅम्पसच्या मध्यावर कर्कटकाचे टोक ठेवून ८०० मीटरचे वर्तुळ काढले की त्यातले प्रत्येक घर दहा मिनिटांवर आहे असे वाटते. पण रस्ते अगदी शिस्तीत काटकोनात आखलेले असले, तरी त्या वर्तुळाचा जेमतेम ६४ टक्के भागच खरोखर ८०० मीटर चालून गाठता येतो. तिरक्या दिशेच्या घराला सरळ रेषेत ८०० मीटर असतील, तर रस्त्याने सुमारे ११३० मीटर होतात. दहाची चौदा मिनिटे झाली, आणि हे सर्वांत चांगल्या आखणीतले गणित. बंद गल्ल्या, नाला, रेल्वेमार्ग किंवा पायी ओलांडता न येणारा हमरस्ता मध्ये आला की फरक आणखी वाढतो.

जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी यावर साधा नियम आहे. अंतर रस्त्याने मोजायचे, ८० मीटरला एक मिनिट धरायचे आणि उरलेल्या तुकड्याचे पूर्ण मिनिट करायचे. ६५० मीटर असतील तर नऊ मिनिटे लिहायची, आठ नव्हे. २०२२ च्या सुधारणेपासून मोठ्या संकुलांना सर्वांत जवळच्या घराबरोबर सर्वांत दूरच्या घराचे अंतरही द्यावे लागते. या नियमात सिग्नल आणि चढ धरत नाहीत, ही त्याची उणीव. चढासाठी विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये डोंगरात चालणाऱ्यांसाठी दिलेले प्रमाण कामाला येते : ६०० मीटर चढाला एक तास जास्त, म्हणजे ३० मीटर चढाला तीन मिनिटे. टेकडीवर वसलेल्या कॅम्पसला हा हिशेब गाळून चालणार नाही.

मोजायचे कुठपर्यंत, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. विद्यापीठ म्हणजे नकाशावरचा एक ठिपका नव्हे. मोठ्या कॅम्पसमध्ये मेन गेटपासून विज्ञान शाखेच्या इमारतीपर्यंत एक किलोमीटर सहज भरतो. ‘गेटपासून पाच मिनिटे’ अशा घरात राहणाऱ्याला वर्गात पोचायला अठरा मिनिटे लागतात, आणि पाठ सुटल्यावर पुढच्या पाठासाठी दुसऱ्या टोकाला जायचे असेल तर ते वेगळेच. विद्यार्थ्याला हवे असते खोलीच्या दारापासून त्याच्या विभागाच्या दारापर्यंतचे अंतर. ते देणे अवघड नाही. चार-पाच मुख्य इमारती ठरवा आणि प्रत्येक घरापासून त्यांच्यापर्यंतची मिनिटे लिहा.

२. मागचे गेट बंद केल्याने अख्खी वस्ती लांब गेली आहे.

मागच्या भिंतीसमोरची वस्ती घ्या. मागच्या गेटमधून विभागापर्यंत ४०० मीटर, पाच मिनिटे. गेट बंद असेल तर भिंतीकडेने ५५० मीटर, हमरस्त्याने मेन गेटपर्यंत ४५० आणि आतून परत मागे ६०० मीटर. एकूण १६०० मीटर, वीस मिनिटे. जेवून ग्रंथालयात जायचे आणि परत यायचे, तर रोज अर्धा तास जास्त. बरे, नकाशाच्या ॲपला गेट बंद असल्याचे माहीत नसते. ते नवख्याला थेट कुलपासमोर नेऊन उभे करते.

वेळेपेक्षा गंभीर गोष्ट त्या भिंतीची आहे. साडेपाचशे मीटर लांबीची भिंत, तिला ना दार ना खिडकी, समोर उभ्या केलेल्या गाड्यांची रांग. तिथे कोणी हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. पायी चालणाऱ्यासाठी सगळ्या वस्तीत याहून वाईट जागा नसते. सुरक्षेसाठी गेट बंद केले, असे आदेशात म्हटले आहे. कॅम्पसच्या आतल्या मालमत्तेची सुरक्षा त्याने वाढत असेल. पण रात्री नऊ वाजता ग्रंथालयातून निघालेल्या मुलीला आपण याच भिंतीकडेने पाठवत आहोत. आदेश काढताना ही बाजू कोणी मांडली होती का, हे आम्हाला जाणून घ्यायचे आहे.

प्रत्येक गेटवर रात्री रक्षक ठेवणे परवडत नाही, ही अडचण आम्ही समजू शकतो. पण तो खर्च वाहनांच्या गेटचा आहे. पायी गेटला ओळखपत्राने उघडणारे फिरते दार, एक कॅमेरा, एक दिवा आणि नियंत्रण कक्षाशी बोलता येईल असे बटण पुरते. एक काळजी मात्र घ्यावी लागते : माणसाच्या उंचीच्या फिरत्या दारातून चाकाची खुर्ची, सायकल, बाळाची गाडी जात नाही. म्हणून शेजारी किमान ९० सेंटिमीटर रुंदीचे, त्याच ओळखपत्राने उघडणारे साधे दार हवेच. अनेक ठिकाणी हे दार बसवतात आणि त्याला कायमचे कुलूप लावून ठेवतात. मग ते नसल्यात जमा.

३. रस्ता ओलांडण्याची वाट बघण्यात मिनिटे जातात, आणि जीवही धोक्यात जातो.

वस्ती आणि कॅम्पस यांच्यामध्ये बहुधा एक मोठा रस्ता असतो. सिग्नलचे चक्र, म्हणजे एका हिरव्या दिव्यापासून पुढच्या हिरव्या दिव्यापर्यंतचा वेळ, १२० सेकंदांचे असेल आणि त्यात पायी चालणाऱ्याला २० सेकंद हिरवा दिवा मिळत असेल, तर सरासरी ४२ सेकंद थांबावे लागते. आयता हिरवा दिवा मिळणारे नशीबवान या सरासरीत धरलेले आहेत. चक्र ६० सेकंदांचे केले आणि हिरवा तेवढाच ठेवला, तर थांबणे १३ सेकंदांवर येते. वाटेत असे तीन चौक असतील तर लांब चक्रामुळे दोन मिनिटांहून अधिक वेळ उभे राहण्यात जातो. घर १७० मीटर लांब सरकल्यासारखेच ते झाले. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबवले की लोकांचा धीर सुटतो आणि ते मिळेल त्या फटीतून पलीकडे जातात, हे वाहतूक अभियंत्यांना चांगले ठाऊक आहे. त्याला बेशिस्त म्हणून दंडाच्या पाट्या लावण्याआधी सिग्नलचे सेकंद तपासावेत.

हिरवा दिवा किती वेळ हवा, याचेही गणित आहे. चार मार्गिकांचा रस्ता साधारण १४ मीटर रुंद असतो. सेकंदाला १.२ मीटर वेगाने चालणाऱ्याला तो ओलांडायला १२ सेकंद लागतात, ०.९ मीटर वेगाच्या माणसाला १६. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक नियमावलीने २००९ मध्ये सिग्नलसाठी धरायचा वेग १.२ वरून सुमारे १.०७ मीटरवर आणला, तो यासाठीच. निवृत्त प्राध्यापक, पाय मुरगळलेला विद्यार्थी, हातात उपकरणांची पेटी घेतलेला माणूस, हे सगळे विद्यापीठाच्या रस्त्यावर रोज असतात. आणखी एक स्वस्त उपाय आहे. वळणाऱ्या गाड्यांना हिरवा दिवा देण्याच्या ३ ते ७ सेकंद आधी पायी चालणाऱ्यांना सोडायचे. गाड्या वळेपर्यंत माणूस रस्त्याच्या मधोमध, चालकाला दिसेल अशा जागी पोचलेला असतो. यासाठी खोदकाम लागत नाही. सिग्नलच्या पेटीतली वेळ बदलावी लागते.

मेन गेटसमोर झेब्रा क्रॉसिंगच नाही, ही परिस्थिती तर सर्रास दिसते. जवळचा चौक डावीकडे २५० मीटर, उजवीकडेही तेवढाच. म्हणजे १४ मीटरचा रस्ता ओलांडायला ५०० मीटरचा वळसा. लोक दुभाजकावरून उड्या मारतात. मग दुभाजकावर जाळी बसते, जाळीला कोणीतरी भगदाड पाडते, ते बुजवले जाते, पुन्हा पडते. जिथे भगदाड पडते तिथेच क्रॉसिंगची गरज आहे, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा. चौक जवळजवळ असले की काय फरक पडतो, हे दोन शहरांत पाहता येते : अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यवर्ती भागात ब्लॉकची, म्हणजे चार रस्त्यांमधल्या चौकोनाची, बाजू सुमारे ६१ मीटर आहे, सॉल्ट लेक सिटीत सुमारे २०१. पहिल्या शहरात चालणाऱ्याला मिनिटाच्या आत नवा चौक, नवी वळणाची संधी मिळते. दुसऱ्यात त्याला त्याच रस्त्याने तिप्पट अंतर कापावे लागते. घर शोधणाऱ्यांनी नकाशात आधी हेच बघावे : लहान ब्लॉक आणि भरपूर चौक असलेली वस्ती जरा लांब असली तरी चालायला सोपी पडते.

वाहनांच्या वेगाबद्दल एकच सांगतो. ब्रिटनच्या हायवे कोडनुसार ताशी ३२ किलोमीटर वेगाची गाडी थांबायला १२ मीटर घेते, ४८ ला २३ मीटर आणि ६४ ला ३६ मीटर. गेटसमोरच्या रस्त्यावर ताशी ३० ची मर्यादा हवी, आणि ती नुसत्या पाटीने पाळली जात नाही. झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या पातळीला उचलून घेतले की गाडीला हळू व्हावेच लागते आणि चालणाऱ्याला खाली उतरावे लागत नाही.

४. फूटपाथ कागदावर आहे, पायाखाली नाही.

दोन मीटरचा फूटपाथ बांधला, त्यात विजेचा खांब आला, झाडाभोवतीचा कट्टा आला, मग दुचाक्या लागल्या. उरले साठ सेंटिमीटर. दोन माणसांना आमनेसामने जायचे तर एकाने रस्त्यावर उतरायचे. मोजायची असते ती अडथळे वगळून सलग मोकळी रुंदी, १.८ मीटर असेल तर दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, १५ सेंटिमीटर उंच असेल तर १ ला १२ या उताराने त्याला १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. अर्ध्या मीटरचा सिमेंटचा उतार थापून ‘रॅम्प केला’ म्हणता येत नाही. त्यावरून खुर्ची मागे उलटते.

दुसरी खोड इमारतींच्या फाटकांपाशी दिसते. गाडी आत जाता यावी म्हणून फूटपाथ दर वीस-पंचवीस मीटरवर तोडतात. चालणारा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि शेवटी कंटाळून रस्त्याच्या कडेनेच चालू लागतो. फूटपाथ सपाट, सलग ठेवून गाडीला त्यावर चढवायला हवे. कॅम्पसच्या आतले रस्ते तर पूर्णपणे आपल्या हातात आहेत. आतही हीच तऱ्हा असावी, याचे आम्हाला वाईट वाटते.

५. दिवे रस्त्यासाठी आहेत, माणसासाठी नाहीत. उंच खांबांचे दिवे झाडांच्या वर असतात; उजेड गाड्यांच्या मार्गिकेवर पडतो आणि फूटपाथ पानांच्या सावलीत राहतो. चार-पाच मीटर उंचीचे, झाडांच्या खाली येणारे दिवे फूटपाथच्या बाजूला लागतात. मागच्या गेटकडची वाट आणि ग्रंथालय ते वस्ती हा रस्ता, एवढ्या दोन ठिकाणांपासून सुरुवात करता येईल.

६. वस्तीत काय मिळते, याबद्दल यादी काहीच सांगत नाही.

काही ठिकाणी वॉक स्कोअरसारखा आकडा देऊन वेळ मारून नेतात. २००७ मध्ये सुरू झालेला हा गुणांक मुख्यतः दुकाने, शाळा, बागा किती जवळ आहेत ते मोजतो. पाच मिनिटांच्या आतल्या ठिकाणाला पूर्ण गुण, पुढे कमी होत जातात आणि तीस मिनिटांपलीकडे शून्य. फूटपाथ अखंड आहे का, रात्री उजेड असतो का, गेट उघडे असते का, हे त्यात येत नाही. वस्त्यांची पहिली चाळणी करायला तो ठीक आहे. त्यावर करार करू नये.

विद्यापीठाला लागून असलेल्या वस्त्यांची एक अडचण बाहेरच्याला कळत नाही. जिथे फक्त विद्यार्थीच राहतात तिथे झेरॉक्सची आणि खाण्याची दुकाने भरपूर असतात, पण किराणा, औषधे, चपला शिवणारा, दवाखाना सापडत नाही. सुट्टी लागली की निम्मी दुकाने बंद आणि रस्ते सुने. कुटुंबे, म्हातारी माणसे आणि विद्यार्थी मिसळून राहतात अशी वस्ती बारा महिने चालती राहते. दोन्ही हातांत पाच-पाच किलोच्या पिशव्या असल्या की ८०० मीटर फार होतात. किराणा ४०० मीटरच्या आत हवा. बसथांब्याचेही तसेच. पाऊस कोसळत असताना किंवा पाय दुखावला असताना बसच आधार असते, आणि अर्ध्या तासाने एक बस असेल तर वेळापत्रक न बघता गेलेल्याला सरासरी पंधरा मिनिटे थांबावे लागते. दहा मिनिटांनी एक असेल तर पाच.

आमच्या मागण्या आता स्पष्ट शब्दांत :

घरांच्या यादीतला ‘अंतर’ हा रकाना काढून त्या जागी ‘चालण्याची मिनिटे’ द्यावीत. रस्त्याने मोजलेली, ८० मीटरला एक मिनिट या हिशेबाने, पुढच्या पूर्ण मिनिटापर्यंत धरलेली. ती पाच मुख्य इमारतींपर्यंत द्यावीत. दिवसाची आणि गेट बंद झाल्यानंतरची अशी दोन्ही द्यावीत. घरमालकाने भरलेला आकडा निवास विभागाने तपासल्याशिवाय छापू नये. ही दुरुस्ती पुढच्या प्रवेशफेरीच्या आधी व्हावी, कारण त्यानंतर केलेल्या दुरुस्तीचा त्या वर्षीच्या मुलांना काही उपयोग नाही.

मागचे आणि बाजूचे पायी गेट ग्रंथालय बंद झाल्यावर अर्ध्या तासापर्यंत उघडे ठेवावे. परीक्षेच्या काळात ग्रंथालयाची वेळ वाढली की गेटची वेळ आपोआप वाढावी. गेटच्या वेळा गेटवर लिहाव्यात आणि ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर नोंदवाव्यात. तिथे प्रत्येक गेटला उघडण्याच्या वेळा जोडण्याची सोय आहे, आणि भूगोलाचे किंवा संगणकशास्त्राचे विद्यार्थी हे काम एका दुपारी करू शकतील. गेटची वेळ बदलण्याचा कोणताही आदेश निवास विभागाला कळवल्याशिवाय आणि यादीतली मिनिटे बदलल्याशिवाय लागू करू नये.

कॅम्पसबाहेरचा रस्ता पालिकेचा आहे, हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. रस्ता पालिकेचा असला तरी त्यावर चालणारी माणसे विद्यापीठाची आहेत. मेन गेटसमोर उचललेले झेब्रा क्रॉसिंग, कॅम्पसभोवतीच्या सिग्नलांचे ६० ते ९० सेकंदांचे चक्र, पायी चालणाऱ्यांना आधी सोडणे आणि ताशी ३० ची मर्यादा, अशी मागणी करणारे पत्र कुलसचिवांच्या सहीने पालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे जावे. त्याची प्रत आणि आलेले उत्तर सूचनाफलकावर लावावे. आमच्या अर्जांपेक्षा त्या सहीला वजन आहे.

यादीच्या शेवटच्या पानावर घर बघायला जाणाऱ्यासाठी तपासणीही छापावी. मजकूर आम्ही देतो : खोलीच्या दारापासून विभागाच्या दारापर्यंत पाठीवर रोजची पिशवी घेऊन स्वतः चाला आणि घड्याळ लावा, लिफ्टसाठी थांबलेला वेळही धरा. एकदा पहिल्या तासाच्या वेळी, एकदा ग्रंथालय बंद होण्याच्या वेळी आणि एकदा रविवारी चाला. प्रत्येक सिग्नलला किती सेकंद थांबलात ते लिहा. जिथे फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावे लागले ती प्रत्येक जागा नोंदवा. दहा मिनिटांच्या वाटेत तीनपेक्षा जास्त झाल्या तर दुसरी वाट शोधा, आणि ती नसेल तर दुसरे घर. शक्य असेल तर मोठा पाऊस पडून गेल्यावर भुयारी मार्ग आणि सखल चौक बघा. हमरस्त्यावरच्या खोलीपेक्षा एक गल्ली आतली खोली घ्या. चालणे एखाद्या मिनिटाने वाढते, आवाज पुष्कळ कमी होतो.

या पत्राचे लेखी उत्तर मिळावे. फूटपाथच्या मोकळ्या रुंदीची आणि सिग्नलच्या वेळांची मोजणी करायला आम्ही टेप आणि घड्याळ घेऊन आपल्या अभियंत्यांबरोबर यायला तयार आहोत. दिवस आपण ठरवावा, वेळ मात्र संध्याकाळी सातनंतरची असावी.

आपले,
विद्यापीठाच्या परिसरात पायी ये-जा करणारे